राहीबाईचा दाह

दयाळगीर महाराजांचा मुक्काम तेव्हा शिरसवाडीत, ओढ्याकाठच्या शिवालयात होता. दर्शनाला माणसांची रीघ लागे. पण राही कुंभारीण तीन महिने पायरीखालूनच हात जोडून परत जात होती. तिच्या मानेवर, काखेत, पोटऱ्यांवर लालभडक चट्टे उठले होते. अंगाची नुसती लाही लाही होई, आणि तिच्या हातचं मडकं कोणी घेईना.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री कडक सोवळ्यातले. ओसरीवर बसून, दहा हातांवरूनच त्यांनी रोग ठरवला. "महारोगच हा! उद्या हिला गावाबाहेर काढा. अंगावरचं पोर तेवढं नवऱ्याजवळ ठेवा."

राहीच्या पायांखालची जमीन सरकली. तान्ह्या तुळसाला छातीशी धरून ती थेट महाराजांपुढे गेली. "म्हाराज, मला कुटंबी धाडा, पन लेकीपास्नं तोडू नगा!"

मागोमाग आलेले शास्त्रीबुवा हसले. "आता बैरागी रोग ओळखणार वाटतं!"

महाराज म्हणाले, "बाई, डोळे मीट." मग त्यांनी दूर्वेची काडी एका चट्ट्यावर अलगद टेकवली. "आई गं!" राही कळवळली. जिथं जिथं काडी लागली, तिथं तिथं ती कळवळली.

"शास्त्रीबुवा, महारोगाचा चट्टा बधिर असतो ना? हिला तर गवताची काडी सोसवत नाही. हा दाह आहे, हजारांत एखादीला होणारा. हात लावला असता तर तुम्हालाही कळलं असतं."

शास्त्रीबुवांचा चेहरा खर्रकन उतरला. राहीला बाहेर काढण्याआधी गावकऱ्यांनी तीन दिवस थांबायचं ठरवलं.

महाराजांनी तांब्याच्या ताटात गाईचं तूप घेतलं आणि नाम घेत शंभर पाण्यांनी धुतलं. त्यात धुनीची चिमूटभर विभूती घालून आपल्या हातांनी चट्ट्यांना लावलं. आणि काय नवल! तीन महिन्यांची आग क्षणात निवली. कित्येक दिवस डोळ्याला डोळा न लागलेली ती माउली लेकीला पाजता पाजता ओवरीतच झोपी गेली. तिसऱ्या दिवशी चट्ट्यांचा मागमूस उरला नाही.

शास्त्रीबुवांनी येऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, मी आईला लेकरापासून तोडायला निघालो होतो!"

"माझे पाय का धरता? अपराध तुम्ही तिचा केला आहे."

शास्त्रीबुवा राहीपुढे वाकले. ओशाळून हात पुढे करत म्हणाले, "हात दे, बाई. नाडी बघू दे."

राहीनं बिचकतच हात दिला. शास्त्रीबुवा बराच वेळ तो धरून बसले. त्यांचे डोळे भरून आले.

"ठणठणीत आहेस," ते म्हणाले. "लेकीला घेऊन घरी जा."