हौसामावशीचा काळा मका

"पण माझं चुकलं काय, बाबा?" भागवत विचारत होता. "स्वतःसाठी काही केलं का मी?"

हैबतबाबा मठाच्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन वाल निवडत होते.

बाबांचा मठ म्हणजे एक खोली आणि ओटा, आमच्या परसाला लागून. मी भांडी घासायला त्याच बाजूला बसते, त्यामुळे तिथलं बोलणं कानावर पडतं. नाही पडलं तर जरा सरकून बसते.

भागवत हा बाबांचा लहानपणापासूनचा शिष्य. मे महिन्यात शाळेच्या मैदानावर गावठी पिकांचा महोत्सव झाला, तो त्यानंच उभा केला. मंडप, भाकरीचे स्टॉल, नाचणी-वरईच्या राशी, सगळं गाव त्याच्या शब्दावर फुकट राबलं. शहरातून गाड्या भरभरून माणसं आली. पेपरात फोटो आला. तेव्हापासून भागवत वाटेनं चालतानाही स्टेजवर असल्यासारखा चालायचा.

कमान मात्र खरंच बघण्यासारखी होती. अख्खी मक्याच्या कणसांची.

आमच्याकडे बियाण्याची कणसं पानांची वेणी घालून चुलीवर आढ्याला टांगतात. धुरामुळे कीड लागत नाही. पेरणीपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. भागवतनं घरोघरी फिरून तीच उतरवून घेतली. गावाचं नाव होईल म्हणाला, कार्यक्रम संपला की जशीच्या तशी परत आणून देतो म्हणाला.

हौसामावशीनं आधी नाहीच म्हटलं होतं. तिचा मका काळा, सासूपासून चालत आलेला, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. पण भागवत तिच्या उंबऱ्यावर बसूनच राहिला. म्हातारीला शेवटी लाज वाटली, तिनं सगळी उतरवून दिली.

काळी कणसं उठून दिसतात म्हणून कमानीच्या मधोमध लावली, हाताला येतील अशी. पाहुण्यांनी आठवण म्हणून एकेक मागितलं. आपलीच पोरं तोडून देत होती. भागवत स्वतः देत होता. न्या, न्या, आमच्या गावची आठवण.

उरलीसुरली कणसं एका ढिगात आली. कुणाची कुठली, कुणालाच सांगता येईना. लोकांनी कुरकुरत वाटून घेतली. त्यात काळं एकही नव्हतं.

आता पेरणी तोंडावर आलीय, आणि टपरीवर भागवत दिसला की कुणीतरी म्हणतंच, औंदा कमानीचे बांबू पेरू, भागवतराव.

"दुकानातलं बी नेऊन दिलं मी तिला," भागवत सांगत होता. "चांगलं, कंपनीचं. तिनं पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं..."

"मग?"

"मग काही नाही. नुसती बघते. आणि तिचं बघून आता सगळेच तसे बघायला लागलेत. पुढच्या वर्षी महोत्सव नको म्हणतात. बाबा, तुम्ही तिच्याकडे एक शब्द टाका. तुमचं ऐकेल ती."

"काय सांगू?"

"मका शेवटी मकाच, म्हणावं."

बाबांनी वालातला खडा वेचून अंगणात टाकला.

"तिचं वावर?"

"नांगरून ठेवलंय." भागवतचा आवाज उतरला. "पेरायला काही नाही, तरी नांगरून ठेवलंय."

...

आत खुंटीवर बाबांच्या सत्काराची शाल लटकत होती, घडीसुद्धा न मोडलेली. भागवतची नजर तिकडे गेली आणि तो ताडकन उठला.

"बाबा, महोत्सवात तुमचा सत्कार केला होता मी. शालीबरोबर माळ घातली होती. कणसांची... काळ्या कणसांची. मीच निवडून ओवली होती."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"घातली होतीस," बाबा म्हणाले.

"कुठंय?"

"खाल्ली."

...

"त्या दिवशी भिक्षेला निघालो," बाबा म्हणाले, "तर सगळी दारं बंद. गाव मैदानावर. दुसऱ्या दिवशी गाव दमून झोपलेलं. मग दाणे काढले, जात्यावर भरडले, कण्या शिजवल्या."

"बाबा, ते बी होतं."

"तू माझ्या गळ्यात घातलीस तेव्हा ती माळ होती."

भागवत मटकन ओट्यावर बसला. आत जाऊन बघावं की काय, असं त्याला वाटलं असणार. दोनदा हात टेकून उठायला गेला, पण उठला नाही.

"एखादा दाणा... जात्याच्या खाली, कुठं सांडलेला?"

बाबांनी सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळहात उघडून त्याच्यापुढे धरले. भागवत त्या हातांकडे बघत राहिला.

"आता मी हौसामावशीला काय सांगू?"

...

बाबांनी हात मिटले.

"सांग," ते म्हणाले, "कण्या गोड झाल्या होत्या."