थोरल्या राजाची काख

हसू नका. काख म्हटलं की लगेच हसू येतं तुम्हाला. आज अंगणात खेळताना आपल्या कुंदाला कोण काय म्हणालं, ते आलंय माझ्या कानावर. नाव घेत नाही मी. ज्याचं त्याला माहीत आहे. पांघरुणं घ्या आणि ऐका.

एक होती राजकन्या. राजाही होता, पण त्याच्याकडे मग बघते मी. राजकन्येचं नाव शेवंती. एकुलती एक. घोडा पळवायची, झाडावर चढायची, कुणी खोटं बोललं की तोंडावर सांगायची. मग काय झालं, शेवंती मोठी व्हायला लागली आणि तिच्या काखेत एक गळू आलं. काखमांजरी म्हणतात ना, तसं. ते पिकलं, फुटलं, बसलं. बरं झालं म्हणावं, तर शेजारी दुसरं. मग जांघेत तिसरं. हात खाली घेतला की घासायचं, बसलं की ठणकायचं. आणि वरून काही दिसायचं नाही, बरं का. सगळं कपड्याखाली. म्हणून तर लोकांचं फावलं.

राजवैद्य म्हणाले, नीट अंघोळ करत जा. अहो, ती दिवसातून दोनदा करायची, आणि पाणी लागलं की कळवळायची. मग जोशीबुवा म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. जसे काही हे तिथे हजर होते. मग आत्याबाई, म्हणजे राजाची बहीण, म्हणाल्या, तूपभात कमी कर, आपोआप जाईल. मग तूप गेलं, भात गेला, गळवं होती तिथेच. दुखतं का गं, असं तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. मला असा राग येतो ना त्यांचा.

मग शेवंती लपवायला शिकली. सैल काळा अंगरखा घालायची. वास येऊ नये म्हणून केवड्याचं अत्तर लावायची. काखेत घासू नये म्हणून हात कमरेवर ठेवायची, कोपर बाहेर काढून. आणि बसायची ती एका मांडीवर कलून. लगेच सगळे म्हणायला लागले, काय हा नखरा.

आता गंमत ऐका. राजवाड्यासमोरच्या चौकात थोरल्या राजाचा पुतळा होता. थोरला राजा म्हणजे शेवंतीचा पणजोबा, मोठा पराक्रमी. काळ्या दगडाचा, उघड्या अंगाचा, खांद्यावर शेला, आणि एक हात कमरेवर, कोपर बाहेर. लोक त्याला 'थोरली ऐट' म्हणायचे. राज्यातले झाडून सगळे पुरुष तसाच हात ठेवून चालायचे. थोरला राजा एका मांडीवर कलून बसायचा, म्हणून सगळा दरबार कलून बसायचा. तो केवडा लावायचा, म्हणून सगळे केवडा लावायचे. आणि त्याच्याच पणतीनं तेच केलं, तर तो नखरा. काय म्हणावं या लोकांना.

तर त्या राज्यात एक रीत होती. दर वर्षी एका पुनवेला पुतळ्याला अंघोळ. गादीच्या वारसानं पायऱ्या चढायच्या, भरलेली चांदीची घागर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायची आणि पुतळ्यावर ओतायची. तीन पुनवांत जमलं नाही तर गादी गेली. ती मिळणार आत्याबाईंच्या दलपतला. दलपत वाईट नव्हता, पण त्यानं वेशीबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. शेवंतीला राज्यातली विहीर न् विहीर माहीत. कुठं पाणी आटलंय, कुठं बांध फुटलाय, सगळं पाठ. तिला ती गादी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

मग पहिली पुनव आली. शेवंतीचा हात खांद्याच्या वर जाईना. घागर खाली ठेवली. लोक म्हणाले, आळशी.

मग दुसरी पुनव आली. तिनं दात-ओठ खाल्ले आणि घागर वर उचलली. पाणी पुतळ्यावर पडलं, पण तेवढ्यात गळू फुटलं आणि बाही रक्तानं आणि पुवानं भिजली. लोक नाकाला पदर लावून मागे सरले. कुणीतरी म्हणालं, घाणेरडी. आत्याबाई म्हणाल्या, "ही अंघोळ धरायची नाही." आणि राजा? राजा मान खाली घालून बसला. बाप असून. म्हणून म्हटलं, त्याच्याकडे मग बघते.

मग तिसरी पुनव आली. शेवटची. त्या सकाळी काखेत नवीन गळू टचटचीत भरलेलं. राजा म्हणाला, "बाळ, राहू दे. दलपत बसेल गादीवर. तू आत राहा, तुला कुणी काही बोलणार नाही."

"आबा, मी काय चोरी केलीय आत राहायला?" शेवंती म्हणाली आणि निघाली.

घागर तिनं घेतलीच नाही. एका वाटीत कोमट पाणी घेतलं, जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घेतलं, आणि पायऱ्या चढली. आत्याबाईंनी विचारलं, "घागर कुठंय?"

"अंघोळच घालायची आहे ना? ती मी घालते. ओझं उचलायचं असेल तर हमाल बोलवा."

मग तिनं पुतळ्याचं तोंड पुसलं, गळा पुसला, छाती पुसली. मग ती आली त्या कमरेवरच्या हातापाशी. इतक्या घागरी ओतल्या होत्या आजवर, पण पाणी वरून यायचं आणि वरूनच जायचं. काखेत पोचलंच नव्हतं कधी. तिथं शेवाळ साठलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात तिथं गेला नसता. तिचा गेला. तिनं शेवाळ भिजवलं, हलकेच सोडवलं. खालचा दगड गुळगुळीत नव्हता. गाठी होत्या. गाठींशेजारी भोकं, आणि दोरीसारखे जाड व्रण. पाथरवटानं राजा जसा होता तसा घडवला होता. शेवंतीनं दुसरा हात अंगरख्यावरून स्वतःच्या काखेला लावला. तेच. त्याच जागी.

आणि मग, बरं का, पुतळा बोलला.

"हळू गं बाळ. तिथं दुखतं."

पुरुषांचे कमरेवरचे हात एकेक करून खाली आले.

शेवंती रडली नाही. ती चिडली. "पणजोबा, तुम्हाला हे होतं? मग सांगितलं का नाही? तुम्ही राजा होतात. मला दुखतं, एवढं एकदा म्हणाला असतात, तर मला घाणेरडी म्हणायला कुणी धजलं असतं का? तुमच्या दुखण्याची ऐट झाली आणि माझ्या दुखण्याचा नखरा."

पुतळा म्हणाला, "लाज वाटली गं."

"मलाही वाटली. पण ती लाज आपली नव्हती. नाकं धरणाऱ्यांची होती." मग ती लोकांकडे वळली आणि बाही वर केली. "बघा. हा रोग आहे. मळ नाही, पाप नाही, तूपभात नाही. मला दुखतं. रोज दुखतं."

राजवैद्य जमिनीकडे बघत राहिले. जोशीबुवा मागच्या मागे घरी गेले. आत्याबाई पदर सावरत मागे सरल्या. आणि राजा उठला. पायऱ्या चढून वर आला आणि म्हणाला, "फार दुखतं का गं?"

"हो आबा. केव्हापासून वाट बघतेय, कुणी विचारतंय का."

मग राजानं वाटी धरली आणि तिनं अंघोळ पुरी केली.

गादी तिलाच मिळाली. बरी झाली का? नाही. मी खोटं सांगणार नाही. ते दुखणं कधी कमी व्हायचं, कधी वाढायचं. पण राजवैद्य उपदेश सोडून मलमं शोधायला लागले. गादीवर मऊ उशी आली. राणीला बरं नसेल त्या दिवशी दरबार थांबायचा, आणि कुणी तोंड वाकडं करायचं नाही. पुतळ्याला अंघोळ वाटीनं आणि फडक्यानं, काखेसकट. शेवंतीनं पुष्कळ वर्षं राज्य केलं. विहिरींना पाणी राहिलं, माणसं सुखात राहिली.

आता डोळे मिटा. थांबा, आधी कुंदाला भिंतीकडची जागा द्या. तिच्या दुखऱ्या बाजूला कुणी हात टाकायचा नाही. आणि सकाळी तो शब्द ज्यानं वापरला, त्यानं मी दिवा मालवायच्या आत तिला विचारायचं. काय विचारायचं ते सांगितलंय मी.

विचारलंस? बरं. झोपा आता.