येते रे

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी एका तळ्यात गंज्या नावाचा लोखंडाचा कण आणि त्याची शेवाळताई राहत. गंज्या तळाशी बुडायचा, गाळात विरघळायचा आणि पुन्हा वर यायचा. एक दिवस ताई बुडाली. निघताना म्हणाली, "येते रे."

वाट पाहून गंज्या चिडला आणि तळाशी गेला. ताई गाळाखाली काळी पडली होती.

"चल वर! येते म्हणाली होतीस ना?"

"वेड्या, निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? मी आता इथंच. युगं सरतील, तेव्हा माझं तेल होईल."

"मग मीही इथंच!"

पण गंज्या विरघळला आणि पाण्याने त्याला वर नेलं. तिथे इवल्या शेवाळाने विचारलं, "दादा, खाली कोण आहे?"

"माझी ताई," गंज्या म्हणाला, आणि हवेने गंजून जड होताच पुन्हा खाली निघाला.