सुटणारी गाठ

फार पूर्वी, राजे भांडत आणि मुले मात्र इतरांची मरत, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका राजधानीत दोर वळणारी एक बाई राहत होती. होड्यांचे दोर, गुरांची दावी, सगळे तिच्या हातचे असे. पलीकडच्या डोंगरी लोकांशी लढाई जुंपली आणि पहिल्याच चकमकीत तिचा एकुलता एक मुलगा मारला गेला.

पुढे राजाच्या सैन्याने चाळीस डोंगरी माणसे पकडून आणली. त्यांत लढणारे जेमतेम दहा, बाकी म्हातारे आणि बाया. प्रत्येकाच्या कमरेला एक दोरी आणि दोरीला गाठी. प्रधान म्हणाला, एकेक गाठ म्हणजे सुडाची एकेक शपथ. ही जातच डूख धरणारी, सोडलीत तर उद्या उलटतील. प्रधानाने डोंगरात कधी पाऊल ठेवले नव्हते, पण माहिती त्याला सगळी होती. गावाने माना डोलावल्या.

बाईला हुकूम आला, चाळीस दोर हवेत, प्रत्येकाच्या टोकाला एकेक दगड बांधलेला. कैद्यांना नावेतून नेऊन नदीत बुडवायचे होते. बाईने मजुरी घेतली नाही. सुरगाठ टोक ओढले की सुटते, निरगाठ कापावीच लागते. तिने दोर भिजवून, दात लावून, चाळीसही निरगाठी मारल्या. प्रत्येक गाठीला तिने मुलाचे नाव घेतले.

तिसऱ्या दिवशी राजाला वाटले, न्याय केल्यासारखे दिसायला हवे. घाटावर चौकशी बसली आणि गाठींतले कळते म्हणून बाईलाच साक्षीला बोलावले. गाठी शपथेच्या आहेत एवढे सांगायचे, असे प्रधानाने आधीच बजावले होते. तिलाही तेच सांगायचे होते.

तिने एका म्हाताऱ्याची दोरी हातात घेतली. पहिल्या गाठीचे टोक ओढले, ती सुटली. बाकीच्या चाचपल्या, त्याही सगळ्या सुरगाठी. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातले काहीतरी कुणी हिसकावून घ्यावे तसे तिला झाले.

“शपथ अशी बांधतात का रे? एका झटक्यात सुटणारी?”

“शपथ नाही, बाई. घरातलं माणूस गेलं की एक गाठ मारतो. वर्ष झालं की त्या दिवशी वाटेवरच्या कुणालाही जेवू घालायचं आणि गाठ सोडायची. सुटावी म्हणूनच बांधतो.”

“आणि सूड? तो घेत नाही तुम्ही?”

“काही घेतात. माझा धाकटा घ्यायला गेला, त्यातच संपला. तुम्ही आत्ता सोडलीत ती त्याचीच गाठ. अजून वर्ष व्हायचं होतं.”

प्रधान घाई करू लागला, गाठी शपथेच्याच आहेत ना, एवढेच सांग म्हणाला. ती वळली ती त्याच्याकडे नव्हे, राजाकडे.

“या सगळ्या सुरगाठी आहेत, महाराज. निरगाठी बघायच्या असतील तर त्या तिथे, दगडांना आहेत. चाळीस. हुकूम तुमचा, हात माझा. चौकशी आज बसली आणि दोर तुम्ही परवाच मागवलेत. कशाला, ते मला ठाऊक होतं, आणि मी ते हौसेनं वळले. मला माझ्या पोराचा सूड हवा होता. अजूनही हवाय. मग तो कुणाच्या रक्तात आहे, ते यांच्या कमरेला काय शोधता?”

बाईला पुत्रशोकाने भ्रम झाला आहे, असे प्रधान म्हणाला. तोवर तिने एका नावाड्याच्या कमरेचा कोयता ओढून घेतला होता. एकेक करत तिने चाळीसही गाठी कापल्या. तळहात फाटला तरी थांबली नाही. दगड घाटावर लोळत राहिले.

पुन्हा दोर बांधा, असे राजाने नावाड्यांना फर्मावले. नावाडी आपल्या पायांकडे बघत राहिले. मग एकाने नाव पाण्यात लोटली आणि मागोमाग सगळे नावाडी निघून गेले; शिपायांनीही दोराला हात लावला नाही. कैदी सुटले. राजाला दया आली असे पोथ्यांत लिहितात, ते खोटे आहे. त्या दिवशी घाटावर गाठ मारायला माणूस मिळाला नाही, म्हणून ते सुटले.

जाताना बाईने म्हाताऱ्याला थांबवले आणि सोडलेली गाठ त्याच्या दोरीला पुन्हा मारून दिली. मग स्वतःच्या पदराच्या कडेची एक चिंधी फाडली. मुलासाठी गाठ मारताना हात सवयीने निरगाठीकडेच वळला. तिने तो आवरला. राग तिळभरही गेला नव्हता, तरी एक टोक तिने बाहेर ठेवले.

तात्पर्य एवढेच: सूड अमक्यांच्या रक्तातच असतो असे कुणी सांगू लागला, तर दोर कधी मागवलेत, हे त्याला आधी विचारावे.