उंबरावरची शांतता

नदीकाठी माणसाची वस्ती व्हायच्या आधीची ही गोष्ट. काठावरच्या उंबरावर रोज सांजेला पाखरं जमायची. कुठे फळं पिकली, कुठे धोका आहे, हे एकमेकांना सांगायची. कोणी कधी बोलायचं, ते म्हातारा धनेश पक्षी ठरवायचा.

एकदा टिटवी झाडाखालून म्हणाली, "वाळूत सापाचा माग दिसला, जपून राहा."

"ज्यांना फांदीवर बसता येत नाही, त्यांनी झाडाच्या कारभारात नाक खुपसू नये," पोपट म्हणाला. सगळे खो खो हसले. धनेशालाही हसू आवरलं नाही. थट्टाच तर आहे, असं म्हणून त्याने पुढच्याला बोलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून टिटवी आली नाही. मग पोपटाने होल्यावर तोंडसुख घेतलं, सुगरणीला घालूनपाडून बोलला. तेही यायचे बंद झाले. झाडावर कसं शांत शांत झालं. आपल्या देखरेखीखाली सगळे तंटे मिटले, असं वाटून धनेश मनोमन सुखावला.

आणि एका पहाटे रानमांजराने उंबरावर चढून ढोलीतली पोपटाची पिल्लं नेली.

धनेशाने टिटवीला वाळूत गाठलं. "तुला मांजर दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. सांगायला झाडाखाली आलेही होते. वर पोपट दिसला, तशी मागे फिरले."

"अगं, मग मला सांगायचंस!"

टिटवी म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी तुम्हीही हसला होतात."