मैनेला न शिकवलेला शब्द

फार जुन्या काळी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, खजिन्याच्या दारात एक पोतदार बसत असे. आलेलं प्रत्येक नाणं तो काळ्या दगडावर वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. कामावर त्याच्या तोंडी तीनच शब्द असत: खरं, खोटं आणि थांबा. 'थांबा' म्हटलं की सगळं काम खोळंबायचं. तो ते नाणं पुन्हा वाजवायचा, तोडून बघायचा, प्रसंगी तापवायचा. रांगेतली माणसं कुरकुरायची. पण पारखलेली नाणी भरून त्याने मोहोर उठवलेली थैली शेजारची राज्यंही न उघडता घेत.

एकदा एका फिरस्त्याने दरबारात बोलणारी मैना आणली. पोतदाराशेजारी बसून ती बघता बघता नाण्यांचे आवाज ओळखू लागली. कामाचा नुसता सपाटा! दिवाणजी खूश झाले. म्हणाले, "पोतदार, आता कशाला कान शिणवता? ही बघा, एकदाही अडत नाही."

अडणार कशी? खरं आणि खोटं हे दोन शब्द तिने चटकन उचलले होते. तिसरा तिला कुणी शिकवलाच नाही, कारण तो कुणालाच नको होता.

पोतदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. हा म्हातारा तेवढा राहिला, थैल्यांवर मोहोर उठवायला. त्याची मुलगी त्याच्याकडे ही विद्या शिकत होती. ती म्हणाली, "आबा, माझा धडा राहिलाय."

"राहू दे गं, मैना आहे की," तो म्हणाला. खरं तर त्यालाही आराम मानवला होता. दगडावर धूळ बसली.

मग कुण्या लबाडाने नव्याच मिश्रणाची नाणी पाडली. तसला आवाज मैनेने कधी ऐकलाच नव्हता, पण गप्प बसणं तिला ठाऊक नव्हतं. "खरं," ती म्हणाली. पोतदाराच्या बोटांना नाणं जरा वेगळं लागलं. 'थांबा' अगदी ओठांवर आला. पण दिवाणजी बघत होते, आणि आपला कान अजून चालतो का, याची त्यालाच खात्री उरली नव्हती. त्याने मोहोर उठवली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. त्या थैल्या देऊन राजाने शेजारच्या राज्यातून धान्य आणवलं. दुसऱ्या खेपेला मात्र गाड्या धान्याविनाच परतल्या. त्यांत पहिल्या खेपेला दिलेल्या थैल्या होत्या, फोडलेल्या. निरोप होता, "तुमची मोहोर आम्ही ओळखत नाही."

राजा म्हणाला, "पोतदार, निदान खरी नाणी वेगळी करून द्या. तेवढ्याचं तरी धान्य येईल."

म्हाताऱ्याने दगड पुसला. नाणी वाजवली. त्याच्या कानाला सगळी सारखीच वाजत होती. त्याने एक नाणं मुलीपुढे धरलं. "पोरी, तू ऐक."

"आबा," ती रडत म्हणाली, "मला कुठे ऐकून ओळखता येतं? तुम्ही शिकवलंत कुठे?"

पिंजऱ्यातून मैना म्हणाली, "खरं, खरं."

त्या वर्षी त्या राज्यातल्या कितीतरी चुली विझल्या. पोतदाराचीही विझली.

म्हणून सांगतो, मदतनीस कितीही हुशार मिळो. शंका घेण्याचं काम ज्याने त्याच्यावर सोपवलं, त्याची विद्याही जाते आणि पतही.