जाड्या खिळ्यांचा आवाज

फार पूर्वी, छापखान्यातली अक्षरं आपसात बोलत तेव्हाची गोष्ट. केरबांच्या छापखान्यात चौकोनी पायांचे, जाडजूड लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, होती. गावातल्या कुस्तीच्या जाहिराती त्यांच्यातच छापत; बाकी सगळं बारक्या खिळ्यांत.

एकदा म्हातारा पैलवान वारला. "धन्याचं नाव लांबनं दिसू द्या," त्याची बायको म्हणाली. केरबांनी निधनाचं पत्रकही जाड्या खिळ्यांतच छापलं.

लांबून ती अक्षरं दिसताच माणसं फेटे बांधून, हलगी वाजवत आली. "कुस्तीचा फड कुठाय?" दारात म्हातारी रडत होती. हलगी थांबली.

जाडा खिळा गोंधळला. "आम्ही तर 'निधन' असंच म्हणालो होतो की! मग हलगी कशाला?"

बारका खिळा म्हणाला, "म्हणालास रे. पण ओरडून म्हणालास."